जागतिक संस्थांचा खर्च कोण उचलतो आणि निर्णय कोणाचा चालतो

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनिओ गुटेरेस यांनी मार्च २०२५ मध्ये ‘यूएन८०’ हा सुधारणा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा सदस्य देशांच्या वर्गणीची थकबाकी वाढली होती आणि रोकड आटत चालली होती. त्याच वर्षी १ जुलैला अमेरिकेने ‘यूएसएड’ या परदेशी मदतीच्या आपल्या संस्थेचा कारभार गुंडाळून उरलेली कामे परराष्ट्र खात्याकडे सोपवली. ब्रिटननेही आपली परदेशी मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणायचे ठरवले. सरकारे हात आखडता घेत असताना खासगी क्षेत्राला सोबत घेण्याचा आग्रह वाढणे साहजिक आहे. पण हा आग्रह आजचा नाही आणि त्यातून काय हाती लागले, याचा बराच अनुभव आता गाठीशी आहे.

धनिकांचा पैसा या संस्थांच्या कामात अगदी आरंभापासून होता. हेगमधला शांतता प्रासाद, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयाची इमारत, अमेरिकी पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ मध्ये दिलेल्या १५ लाख डॉलरमधून उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेच्या खर्चाचा मोठा हिस्सा रॉकफेलर फाउंडेशन उचलत असे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय जिथे आहे, त्या जागेसाठी धाकटे जॉन रॉकफेलर यांनी १९४६ मध्ये ८५ लाख डॉलर दिले. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेने रोजच्या खर्चाची जबाबदारी सदस्य देशांवरच टाकली. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर्गणी भरायची आणि आमसभेत प्रत्येकाला एकच मत. माझ्या मते सनदेतली ही सर्वांत मोलाची तरतूद आहे. जास्त पैसे देणाऱ्याला निदान आमसभेत तरी जास्त मते मिळत नाहीत.

या तरतुदीला पहिला मोठा हादरा १९६४ मध्ये बसला. काँगो आणि सुएझमधल्या शांतिसेनांचा खर्च भरायला सोव्हिएत संघाने नकार दिला, काँगोच्या खर्चाबाबत फ्रान्सनेही तेच केले. दोन वर्षांएवढी थकबाकी झाली की आमसभेतले मत जाते, असा सनदेचा नियम आहे. तो लावला तर महासत्ता बाहेर पडेल या भीतीने त्या वर्षीचे अधिवेशन जवळजवळ मतदानाविनाच उरकण्यात आले. थकबाकी ठेवूनही निभावून नेता येते, हे तेव्हा सर्वांना कळले.

पुढे हेच हत्यार अमेरिकेने वापरले. वसाहतींमधून मुक्त झालेल्या देशांचे आमसभेत बहुमत झाले होते आणि अंदाजपत्रकावर आपला ताबा नाही, ही वॉशिंग्टनची तक्रार होती. १९८४ च्या अखेरीस अमेरिका युनेस्कोतून बाहेर पडली. १९८५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून अट घातली की, अंदाजपत्रकाच्या मतदानात वर्गणीच्या प्रमाणात वजन मिळत नसेल तर वर्गणी कापली जाईल. १९८६ मध्ये आमसभेने अंदाजपत्रक सर्वसहमतीने ठरवण्याची पद्धत मान्य केली. मतांचे वजन बदलले नाही, पण मोठ्या वर्गणीदाराला अडवणुकीची सोय मिळाली.

खासगी भागीदारीचा आजचा अवतार या थकबाकीतूनच जन्मला. १९९७ मध्ये ‘सीएनएन’चे संस्थापक टेड टर्नर यांनी संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी १ अब्ज डॉलरची घोषणा केली. त्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान काढण्यात आले. जानेवारी १९९९ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी दावोसमध्ये उद्योगपतींसमोर ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ती प्रत्यक्षात आली. कंपन्यांनी मानवी हक्क, कामगार आणि पर्यावरण यांबाबतची तत्त्वे स्वेच्छेने पाळावीत, असे तिचे स्वरूप होते. बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आचारसंहिता करण्याची १९७० च्या दशकात सुरू झालेली वाटाघाट १९९२ मध्येच संपुष्टात आली होती. ज्या कंपन्यांना नियम लावायचे होते, त्याच दहा वर्षांच्या आत भागीदार झाल्या. हे वळण मला आजही अस्वस्थ करते.

या बदलाचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो जागतिक आरोग्य संघटनेत. १९७० च्या दशकात तिचा निम्म्याहून जास्त खर्च ठरलेल्या वर्गणीतून निघे. १९८० च्या दशकात महागाई वगळता वर्गणी वाढवायची नाही असे देशांनी ठरवले आणि ऐच्छिक देणग्या वाढत गेल्या. २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्गणीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी होता. देणगी बहुधा ठरावीक कामासाठीच असते. गेट्स फाउंडेशन तिच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक, आणि त्या पैशाचा मोठा भाग पोलिओसाठी येत राहिला. पोलिओचे काम गरजेचेच आहे. पण साथ येण्याआधीची पाळत, प्रयोगशाळांचे जाळे, तयारीत बसलेले तज्ज्ञ यांच्यासाठी देणगीदार सहसा मिळत नाही. २०१४-१५ च्या अंदाजपत्रकात साथींना तोंड देण्याची तरतूद जवळपास निम्म्यावर आली आणि त्याच काळात पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. अकरा हजारांहून अधिक माणसे दगावली. संघटनेची हलगर्जी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही, पण जिची तयारी आधीच कापलेली आहे तिच्याकडून वेगाची अपेक्षा कशी करायची?

जागतिक बँकेसारख्या विकास बँकांचा मार्ग निराळा होता. २०१५ मध्ये, अदिस अबाबातल्या वित्तपुरवठा परिषदेच्या सुमारास, ‘अब्जांपासून लाख कोटींपर्यंत’ अशी घोषणा झाली: सरकारी पैशाने जोखीम उचलायची, म्हणजे खासगी गुंतवणूक मागून येईल. अपेक्षेच्या मानाने ती फार थोडी आली आणि सर्वांत गरीब देशांत तर अत्यल्प. निर्णयांतला वाटा बदलणेही असेच रखडले: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत उदयोन्मुख देशांचा हिस्सा वाढवणारी २०१० ची सुधारणा अमेरिकी काँग्रेसमध्ये अडकून २०१६ मध्ये लागू झाली. सुरक्षा परिषदेची सदस्यसंख्या तर १९६५ मध्ये ११ वरून १५ झाली, त्यानंतर हललेली नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, ठरवले की २०३०-३१ पर्यंत मूळ अंदाजपत्रकाचा निम्मा खर्च वर्गणीतून यावा. मे २०२५ मध्ये वर्गणी २० टक्के वाढवण्यात आली, पण बाहेर पडण्याची नोटीस दिलेल्या अमेरिकेची रक्कम जाणार म्हणून अंदाजपत्रक कापावेही लागले. जून २०२५ मध्ये ब्रसेल्सला लशींसाठीच्या ‘गावी’ या भागीदारी संस्थेने ११.९ अब्ज डॉलर मागितले, तेव्हा ९ अब्जांहून थोडे अधिकच आश्वासन मिळाले. गेट्स फाउंडेशनने १.६ अब्ज डॉलर देऊ केले, अमेरिकी सरकारने हात काढून घेतला. सरकार आणि खासगी दाते एकत्र आणण्याचा नमुना म्हणून २००० पासून जिचे नाव घेतले जाते, त्या संस्थेचीही मोठी भिस्त अखेर सरकारांवरच होती.