घरी जोडायचा ३ मीटरचा स्विमिंग पूल: घेण्याआधी आणि मांडण्याआधी वाचा

या पूलचा व्यास ३ मीटर, भिंत ७५ सेंटिमीटर. पाणी मात्र ६० सेंटिमीटरच्या निळ्या खुणेपर्यंतच भरायचं. तेवढ्यातही ४,२४० लिटर पाणी मावतं, म्हणजे सव्वाचार टन. पाच छोट्या मोटारी अंगणाच्या एका कोपऱ्यात दोन महिने उभ्या कराव्यात, तेवढं हे वजन. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी पाणी धरणाऱ्या शीटच्या कमी आणि जमिनीच्या जास्त असतात, म्हणून या पत्रकातही जमिनीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

गच्चीवर मांडता येईल का?

फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर: नाही.

इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५ (भाग २) आहे. त्यात वावर असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे, आणि वावर नसलेल्या गच्चीसाठी त्याच्या निम्मा. आमचा पूल भरला की चौरस मीटरला ६०० किलो होतात. ‘मग निम्मंच भरू’ म्हटलं तरी ३०० होतात. १५ सेंटिमीटर पाण्यातच १५० किलोंचा कोटा संपतो आणि त्यात उतरणारी माणसं अजून मोजलेलीच नाहीत. शिवाय मुंबईतल्या बऱ्याच गच्च्यांवर वॉटरप्रूफिंगसाठी ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) असतो, काही ठिकाणी गळती थांबावी म्हणून कोब्यावर पुन्हा कोबा केलेला असतो. तो भार स्लॅब आधीच सोसत असतो. ‘आमच्या गच्चीवर लग्नाला दोनशे माणसं जेवली’ हा युक्तिवाद इथे लागू होत नाही. माणसं पांगतात आणि रात्री घरी जातात, पाणी तिथेच बसून राहतं. बाल्कनी आणि टेरेस फ्लॅटलाही हेच लागू.

सोसायटीच्या पोडियमवर (पार्किंगवरच्या मोकळ्या स्लॅबवर) मांडायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र लागेल. सेक्रेटरींची तोंडी परवानगी त्या जागी चालणार नाही. खाली पार्किंग असलेल्या स्लॅबचा कोणता भाग किती भार घेतो, हे ड्रॉइंगमध्येच कळतं.

मोकळ्या जमिनीवरही एक गोष्ट आधी विचारून घ्या. खाली पाण्याची टाकी, सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजचं चेंबर आहे का? कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवले की टाकीचं झाकण कुठे होतं हे वॉचमनलाच ठाऊक असतं. मढ, गोराई, उत्तनकडची बंगल्यांची अंगणं आणि गावठाणातल्या घरामागच्या जागा या पूलला सर्वांत सोयीच्या.

असाच का बनवला आहे

गोल आहे, कारण गोल भिंतीला पाण्याचा जोर सगळीकडून सारखा येतो आणि शीट स्वतःच्याच ताणावर उभी राहते. चौकोनी पूलमध्ये तोच जोर सरळ बाजूच्या पायांवर जातो. ६० सेंटिमीटर पाण्याला भिंतीच्या दर मीटरमागे १८० किलोंचा जोर असतो, म्हणजे ३ मीटरच्या सरळ बाजूवर ५४० किलो. तो पेलायला जाड पाईप, तिरके टेकू आणि बोल्टची जुळणी लागते. मग दोन माणसांनी पान्याशिवाय जोडण्याची सोय राहत नाही.

‘९० सेंटिमीटर पाणी राहील असा करून द्या’ असंही लोक सांगतात. खोली दीडपट झाली की भिंतीवरचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो: १८० किलोंचे ४०५. त्यामुळे या पाईपवर आणि या शीटवर ६० सेंटिमीटरच.

शीट पीव्हीसीचा थर दिलेल्या पॉलिस्टर कापडाची, ७०० जीएसएम (चौरस मीटरला ७०० ग्रॅम). जोड ४ सेंटिमीटर एकावर एक चढवून गरम हवेने वितळवलेले आहेत. शिलाई कुठेही नाही, कारण सुईचं प्रत्येक भोक पुढे पाझरतं. बाजारातली निळी ताडपत्री फ्रेमला बांधून पाहू नका. तिची वीण ताणाखाली सरकते आणि ती आधी कडेच्या रिंगांपाशी फाटते.

पाईप ३८ मिलिमीटरचे, गॅल्व्हनाइज्ड, वरून पावडर कोटिंग. खाऱ्या हवेत गंज बाहेरून दिसायच्या आधी पिनांच्या भोकांतून आत शिरतो, म्हणून पिना स्टेनलेस स्टीलच्या दिल्या आहेत. पिन हरवली तर खिळा ठोकू नका, आमच्याकडून पिन मागवा. एकही पाईप मीटरपेक्षा लांब नाही, म्हणजे जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्येही मावतो आणि रिक्षातही.

पिशव्या उघडल्यावर हे मोजा: कड्याचे पाईप १०, टी-जॉइंट १०, पाय १०, पायांखालच्या १५ × १५ सेंटिमीटरच्या पाट्या १०, पिना ३४ (लागतात ३०, चार जास्तीच्या), पायांभोवतीचा पट्टा १, शीट १, खाली घालायचा फोम, १२ व्होल्टचा फिल्टर पंप अडॅप्टरसह, फिल्टरची कार्ट्रिज २, शिडी १. शीटची पिशवी साधारण १२ किलोंची आहे, पाईपच्या दोन पिशव्या मिळून ३० किलोंच्या आसपास.

जमीन

मधोमध खुंटी ठोका, दोरीने १.९ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. पाय थोडे बाहेर झुकतात, त्यांचीही जागा यात धरली आहे.

लेव्हल गवंड्याच्या पारदर्शक नळीनेच तपासा. नळीत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून पाणी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पातळी जुळते का ते आधी बघा. फोनवरच्या लेव्हलवर विसंबू नका, तो फक्त हातभर जागा दाखवतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत फरक १ सेंटिमीटरच्या आत हवा. २.५ ही शेवटची मर्यादा, त्यापुढे पाणी भरायचं नाही.

फरक काढताना उंच बाजू खणा, सखल बाजूला भराव टाकू नका. भरावाची माती दुरमुसाने कितीही ठोकली तरी ओली झाली की बसते. मग होतं असं: सखल बाजूला पाणी जास्त खोल, म्हणून तिथे जोर जास्त, पाय जमिनीत रुततात, पूल आणखी कलतो, जोर आणखी वाढतो. सुरुवातीला भिंत एका बाजूला थोडी फुगलेली दिसते, एवढंच. तिथपर्यंत दोन दिवस जातात, त्यापुढचं सगळं काही सेकंदांत होतं. पूल कललेला दिसला तर पाय हाताने ओढून किंवा खाली वीट सारून सरळ करायला जाऊ नका. माणसांना लांब करा, ड्रेन व्हॉल्व्ह उघडा, रिकामा करा, जमीन नीट करून पुन्हा मांडा.

खणून झालं की चाळलेल्या वाळूचा ३ सेंटिमीटर थर, त्यावर फोम. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर चाळणी सोडू नका, तिच्यातली धारदार खडी पाण्याच्या वजनाखाली वर टोचते. पेव्हर ब्लॉकवर वाळू नको, पण फोम दुहेरी घाला.

लव्हाळा असलेल्या जागी जास्त सांभाळा. वरून पाती कापली तरी खाली गाठी राहतात, आणि त्यांतून निघणारे अणकुचीदार कोंब फोम आणि शीट दोन्ही भेदून वर येतात. वीतभर खणून गाठी वेचून काढा, नाहीतर जागा बदला.

जोडणी आणि पाणी

दोन माणसं, साधारण दीड तास. शीट उन्हात अर्धा तास पसरून ठेवली की मऊ होते. कड्याचे पाईप शीटच्या वरच्या बाहीतून सरकवा, टी-जॉइंटमध्ये बसवून पिना लावा. दहाव्या जोडाला नेहमी अडतं. शीट ओढू नका, समोरच्या बाजूचे जोड सैल करून सगळं कडं थोडं थोडं फिरवा. मग पाय, पाट्या आणि शेवटी पट्टा. पट्टा प्रत्येक पायाच्या खालच्या फटीतून जायला हवा. पाण्याचा जोर तळाशी सर्वांत जास्त असतो आणि पट्टा नसेल तर पाय तिथून बाहेर फेकले जातात.

आधी फक्त २ सेंटिमीटर पाणी सोडा आणि अनवाणी पायांनी मधून कडेकडे सुरकुत्या सारा. पुढे १५ सेंटिमीटरवर थांबा. कड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा. इथे फरक दिसला तर हजारेक लिटर सोडून देऊन सुधारता येतं, भरल्यावर चार हजार जातील.

मिनिटाला १२ लिटर देणाऱ्या नळाला पूर्ण भरायला सहा तास लागतात. मे महिन्यात धरणं तळाला गेलेली असताना सोसायटीच्या टाकीतून एवढं पाणी ओढलं तर शेजारी बोलणारच. टँकर मागवलात तर १० हजार लिटरच्या टँकरमधलं निम्म्याहून कमी पाणी तुम्हाला लागेल, उरलेलं कुठे घ्यायचं ते आधी ठरवा. टँकरचा पाईप थेट तळावर सोडू नका, खाली जुनं पायपुसणं घालून त्यावर बादली ठेवा आणि पाणी बादलीत पडू द्या.

बोअरचं पाणी असेल तर आधी एका बादलीत चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकून तासभर ठेवा. पाणी तपकिरी झालं तर त्यात लोह आहे. ते पूलमध्ये भरू नका, शीटवरचे डाग निघत नाहीत.

पाणी दोन महिने टिकवायचं असेल तर

क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.६. रोज संध्याकाळी टेस्ट स्ट्रिप बुडवा. क्लोरीन २ पीपीएमने वाढवायला ताजी, ३३ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर २५ ग्रॅम पुरते. बादलीभर पाण्यात पावडर टाकून ढवळा (पावडरीवर पाणी ओतू नका), चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी पूलमध्ये घाला. हे सूर्यास्तानंतरच करा, उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातो. उघडं पाकीट मुंबईच्या दमट हवेत लवकर मवाळ होतं, तेव्हा छोटी पाकिटं आणा. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या गोळ्या एका डब्यात कधीही ठेवू नका, त्यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं. ॲसिडशी पावडरीचा संबंध आला तर विषारी वायू निघतो.

पंप ताशी १,५०० लिटर पाणी फिरवतो. दिवसाला सहा तास चालवा. अडॅप्टर घरात, कोरड्या जागी, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरच्या (वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरच्या) प्लगला. अंगणात एक्स्टेन्शन बोर्ड नको.

पाण्याची पातळी रोज पाच-सहा मिलिमीटर उतरत असेल तर ते उन्हाने वाळतंय. तेवढ्यातच ४० लिटर जातात. शंका असेल तर पाणी भरलेली बादली पूलमध्ये दगड घालून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दोन्हींची पातळी बघा. पूलची जास्त उतरली तर गळती आहे. ठिगळ गोल कापा, चौकोनी ठिगळाचा कोपरा आधी सुटतो.

लहान मुलं पाण्यात असताना एक मोठा माणूस फोन बाजूला ठेवून तिथेच बसलेला हवा. बाहेर आल्यावर शिडी उचलून घरात न्या. कव्हर पाला अडवतं, मूल अडवत नाही. सूर मारायचा नाही, कड्यावर बसायचं नाही.

पावसाआधी

मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. पूल ३१ मेपर्यंत उतरवा. २०० मिलिमीटर पडणारा दिवस इथे दुर्मीळ नाही. तेवढ्याने पातळी २० सेंटिमीटर चढते, पाणी कडेवरून सांडतं आणि पहिली धुपते ती पायांखालची माती. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे या पूलच्या भिंतीपेक्षा जास्त.) क्लोरीन न घालता पाणी आठवडाभर सोडलं तरी डेंग्यूच्या डासांची पैदास होते, आणि महापालिकेचा कीटकनाशक विभाग ते तपासतो.

उतरवण्याआधी तीन दिवस क्लोरीन घालू नका, म्हणजे ते पाणी गाड्या आणि कंपाउंड धुवायला वापरता येतं. व्हॉल्व्हला नळी लावून गटारापर्यंत न्या, शेजाऱ्याच्या भिंतीकडे सोडू नका. शीट दोन्ही बाजूंनी पुसून, सावलीत पूर्ण वाळवून, टाल्कम पावडर लावून सैल घडी घाला. जराशी ओल राहिली तरी गणपतीपर्यंत बुरशी धरते. पाईप गोड्या पाण्याने धुवा, आतलं पाणी उभे करून निथळू द्या. माळ्यावर ठेवताना शीट झाकणाच्या ड्रममध्ये ठेवा, उंदीर घडीच्या कडेपासून कुरतडतात आणि एक भोक आठ पदरांतून जातं. पिना मोजून त्याच ड्रममध्ये टाका.