उन्हाने पाण्यातलं कीटकनाशक मोडणे

पाण्यात उतरलेलं कीटकनाशक प्रकाशाच्या जोरावर तोडून टाकायचं हे रासायनिक तंत्र, फोटोकॅटॅलिसिस म्हणून ओळखलं जातं. आरओ किंवा कोळशाचा फिल्टर औषध फक्त बाजूला काढतो, आणि आरओचं वेस्ट पाणी परत मोरीतून जमिनीतच जातं. इथे रेणूच तुटतो, काम पूर्ण झालं तर शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्लोराइड-फॉस्फेटसारखे साधे क्षार उरतात.

वापरतात ती बहुतेकदा टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पावडर, जी घरच्या रंगातही असते. 1972 मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच पदार्थाच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन दाखवलं आणि तिथून या विषयाला जोर आला. 387 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे अतिनील किरण पडले की पावडरच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणजे क्षणभरच टिकणारे, फार आक्रमक कण तयार होतात, आणि ते समोर येईल त्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतात. दुसरी पद्धत फोटो-फेंटन, त्यात लोहाचे क्षार, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन, पण पाणी पीएच 3 च्या आसपास आंबट करून घ्यावं लागतं.

आता खान्देशात ऊन कमी आहे असं कोण म्हणेल, भुसावळचा मे महिना सगळ्यांना माहितीय. पण कामाला येते ती उष्णता नाही, अतिनील भाग, आणि तो उन्हात जेमतेम 4-5 टक्के. शिवाय कपाशीवर फवारणी होते पावसाळ्यात, ढगाळ दिवसांत, म्हणजे औषधाचं पाणी तेव्हा आणि कडक ऊन नंतर, मग ते पाणी टाकीत साठवून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघणं आलं.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातली अख्खी विहीर असं साफ करायचं डोक्यात असेल तर सोडा. एक तर विहिरीत औषध फार पातळ झालेलं असतं, आणि जड पाण्यातला बायकार्बोनेट क्षार त्या रॅडिकलना आधीच खाऊन टाकतो, गढूळ पाण्यात तर प्रकाश आतच शिरत नाही. खरा उपयोग थोड्या पण तीव्र पाण्यावर. फवारणी झाली की पंप हौदाजवळच खंगाळतात, नोझल झटकतात, डबडं तिथेच उपडं करतात, ते फेसाळ पाणी वेगळं धरलं तर या तंत्राला जागा आहे. स्पेनच्या आल्मेरिया भागात औषधांच्या रिकाम्या बाटल्या धुतलेलं पाणी उन्हाने साफ करायचं काम झालंय ते याच हिशोबाने.

मोठा धोका अर्धवट काम सोडण्याचा. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मोडताना मधे त्याचा ऑक्सॉन नावाचा पदार्थ तयार होऊ शकतो, जो मूळ औषधापेक्षा जास्त विषारी. म्हणून मूळ औषध दिसेनासं झालं एवढ्यावर थांबत नाहीत, पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात, आणि ते लॅबमध्येच होतं. बाटलीत पाणी भरून पत्र्यावर ठेवायची जी पद्धत आहे ती जंतूंसाठी, कीटकनाशकासाठी तिचा भरवसा नाही, आणि पाणी उकळून किंवा तुरटी फिरवूनही औषध जाईलच असं नाही.