चुंबकाला नाव, आकड्याला वेळ

15 सप्टेंबर 2008. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एलएचसी या 27 किलोमीटर घेराच्या कणवेगवर्धकाच्या 3-4 या विभागाची चाचणी चालली होती. तिथल्या अतिवाहक, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या, चुंबकांतून 7 हजार अँपिअर प्रवाह सोडलेला होता. हे चुंबक 1.9 केल्विनच्या, म्हणजे उणे 271 सेल्सियसच्या द्रव हेलियममध्ये बुडालेले असतात. त्यातल्या एका कप्प्यात हेलियमचं तापमान हळूहळू चढत गेलं. वाढ जास्तीत जास्त 40 मिलिकेल्विन, एका अंशाचा पंचविसावा भाग. तापमापकाने ती टिपली, डेटाबेसमध्ये ती जाऊन बसली आणि त्या दिवशी ती कोणाच्याही लक्षात आली नाही.

चार दिवसांनी त्याच विभागात प्रवाह 8.7 हजार अँपिअरवर गेला असताना दोन चुंबकांमधला एक जोड निकामी झाला. विजेची ठिणगी पडून हेलियमच्या वेष्टणाला भोक पडलं, सुमारे 6 टन हेलियम उधळलं आणि टनावारी वजनाचे चुंबक जागेवरून सरकले. 53 चुंबक बोगद्यातून वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला चौदा महिने लागले.

चौकशीत जुन्या नोंदी उपसल्यावर ते 40 मिलिकेल्विन सापडले, नेमके ठिणगी पडली त्याच जागचे. जोडाचा रोध किंचित वाढला होता आणि तो भोवतालच्या हेलियमला ऊब देत होता. मग हीच नजर बाकीच्या विभागांच्या नोंदींवर फिरवली, तेव्हा आणखी दोन चुंबकांच्या आत संशयास्पद जोड निघाले. एकाचा रोध 100 नॅनोओहमच्या (नॅनोओहम म्हणजे ओहमचा अब्जावा भाग) आसपास, दुसऱ्याचा त्याच्या निम्मा. इतका सूक्ष्म रोध पकडण्यासाठी हे तापमापक बसवलेलेच नव्हते. तरी तो पकडता आला, कारण नोंदी होत्या आणि कुठला आकडा कुठल्या जागेचा, कुठल्या क्षणाचा, याबद्दल शंका नव्हती.

कणवेगवर्धकांवरच्या लेखांत प्रकाशाचा वेग आणि कणांच्या टकरी असतात. हे सगळं ज्या डेटाबेसच्या जोरावर चालतं त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. विषय कंटाळवाणा वाटतो हे मान्य, पण यंत्र चालवणाऱ्यांचा बराचसा दिवस त्यातच जातो.

असा डेटाबेस एकच नसतो. आत्ता यंत्रात काय चाललं आहे हे सांगणारा एक, काय चालायला हवं होतं हे सांगणारा दुसरा, काय चाललं होतं हे जपणारा तिसरा. शिवाय कुठली वस्तू कुठे बसवली आहे, कुठली केबल कुठून कुठे गेली आहे, यांच्या याद्या वेगळ्या. त्या सगळ्यांचं एकमेकांशी जुळतं ठेवणं हे खरं काम.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण म्हणून एपिक्स घेऊ. ही मोफत उपलब्ध असलेली नियंत्रण प्रणाली 1990च्या सुमारास अमेरिकेतल्या लॉस अलामोस आणि अर्गॉन या प्रयोगशाळांनी मिळून उभी केली. आज ब्रिटनचा डायमंड सिंक्रोट्रॉन हा कणवेगवर्धक, फ्रान्समधला ईटर हा संलयन प्रकल्प आणि कोलकात्याचं व्हीईसीसी हे कणवेगवर्धक केंद्र यांच्याकडे ती वापरात आहे. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळाही यंत्रांच्या देखरेखीसाठी एपिक्सच वापरतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे, तेव्हा आपल्याकडच्या काही मुलामुलींना पुढेमागे हे काम पोटापाण्यासाठी करावं लागेल.

एपिक्समध्ये डेटाबेस म्हटलं की बँकेतल्यासारखे तक्ते डोळ्यांसमोर आणू नयेत. उपकरणांना जोडलेल्या छोट्या संगणकांच्या स्मृतीत ‘रेकॉर्ड’ असतात आणि प्रत्येक रेकॉर्ड सतत काम करत असतं. समजा, एका चुंबकाच्या वीजपुरवठ्याचा प्रवाह वाचायचा आहे. त्याचं रेकॉर्ड ‘एआय’, म्हणजे अ‍ॅनालॉग इनपुट, या जातीचं. किती वेळाने वाचायचं हे त्याच्या ‘स्कॅन’ या रकान्यात लिहिलेलं असतं: दर सेकंदाला, सेकंदाच्या दहाव्या भागाला, किंवा उपकरणाने स्वतःहून हाक मारली की. उपकरणाकडून येतो तो कच्चा आकडा, 0 ते 65,535 मधला कुठलातरी. त्याचे अँपिअर करायचे तर गुणक आणि शून्याची दुरुस्ती लागते, तीही रेकॉर्डमध्येच. वीजपुरवठा 200 अँपिअरचा असेल तर कच्च्या आकड्याची एक पायरी सुमारे 3 मिलिअँपिअरची पडते. पुढच्या रकान्यांत एकक, दशांश स्थळं आणि धोक्याच्या चार मर्यादा: फार वर, वर, खाली, फार खाली.

मला यातला सर्वांत शहाणपणाचा रकाना वाटतो तो ‘सिव्हिरिटी’चा. प्रत्येक आकड्यासोबत तो किती विश्वासाचा आहे हेही जातं. केबल तुटली तर पडद्यावर शेवटचा वाचलेला आकडा तसाच दिसत राहतो, 142.37 अँपिअर, एकदम स्थिर. नुसता आकडा पाहणाऱ्याला वाटेल, चुंबक काय छान चालला आहे! पण सोबत ‘इनव्हॅलिड’चा शिक्का असतो आणि पडद्यावर त्या चौकटीचा रंग बदलतो. फार वेळ अजिबात न हलणारा आकडा दिसला की मुरलेला ऑपरेटर आधी केबलवर संशय घेतो.

आता नाव. एपिक्समधल्या प्रत्येक रेकॉर्डला संपूर्ण प्रयोगशाळेत एकमेव असं नाव लागतं. नियंत्रण कक्षातल्या संगणकाला एखादा आकडा हवा असला की तो नेटवर्कवर सगळ्यांना एकदम विचारतो, या नावाचं रेकॉर्ड कोणाकडे आहे? ज्याच्याकडे असेल तो उत्तर देतो आणि दोघांमध्ये थेट जोडणी होते. मधे कुठलीही केंद्रीय यादी लागत नाही. एखादा संगणक बंद पडला तर बाकीच्यांचं अडत नाही, हा याचा मोठा फायदा.

तोटाही त्यातूनच येतो. एकाच नावाची दोन रेकॉर्ड चुकून तयार झाली तर दोन्हींकडून उत्तर येतं आणि ज्याचं आधी पोचेल त्याच्याशी गाठ पडते. इशारा मिळतो, पण काम सुरूच राहतं. आज सकाळी खऱ्या चुंबकाचा आकडा, दुपारी चाचणीच्या टेबलावरच्या यंत्राचा, असा प्रकार घडू शकतो. नक्कल करताना नाव बदलायला विसरलं की हे होतं. म्हणून मोठ्या प्रयोगशाळांत रेकॉर्ड हाताने लिहीत नाहीत. एका प्रकारच्या उपकरणाचा एकच साचा करतात, त्यात नावाच्या आणि पत्त्याच्या जागा मोकळ्या ठेवतात आणि उपकरणांच्या यादीतून त्या भरून घेतात. दोनशे वीजपुरवठे असतील तर यादीत दोनशे ओळी. साच्यात दुरुस्ती केली की ती दोनशे ठिकाणी पोचते. चूक केली तर तीही पोचते.

तरीही कागदावरची यादी आणि प्रत्यक्ष चालणारी रेकॉर्ड यांच्यात अंतर पडतंच. अर्गॉनच्या अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्समध्ये यावर उलटा मार्ग काढला होता. प्रत्येक नियंत्रण संगणक सुरू होताना कुठल्या फायली वाचतो हे तपासणारे प्रोग्राम त्यांनी लिहिले आणि जे खरोखर बसवलेलं आहे त्यावरून संबंधात्मक, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा, डेटाबेस भरला. माणसांनी यादी इमानेइतबारे अद्ययावत ठेवावी अशी अपेक्षा करण्यापेक्षा हे कितीतरी व्यवहारी.

नाव वस्तूचं की जागेचं, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. रात्री दोन वाजता एक वीजपुरवठा बिघडतो. ड्यूटीवरचा तंत्रज्ञ तो काढून सुटा ठेवलेला दुसरा बसवतो आणि यंत्र चालू होतं. रेकॉर्डचं नाव तेच राहतं, कारण ते वर्तुळातल्या त्या जागेचं नाव आहे. पण अँपिअर काढण्याचा गुणक त्या विशिष्ट डब्याचा असतो, प्रयोगशाळेत मोजून ठरवलेला. डबा बदलला आणि गुणक जुनाच राहिला तर आकडे किंचित चुकू लागतात. इतके किंचित, की धोक्याची मर्यादा ओलांडत नाहीत. कणांचा झोत मात्र थोडा सरकतो आणि मग दोन दिवस कारणाचा शोध चालतो. सर्नने म्हणूनच जागांची नोंद आणि वस्तूंची नोंद वेगवेगळी ठेवली आहे. कुठली वस्तू कधीपासून कुठल्या जागी आहे, हा दुवा दोन्हींना जोडतो.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे ‘काय चालायला हवं’ याच्या डेटाबेसबद्दल एकच गोष्ट सांगतो. झोत उत्तम चालत असताना सगळ्या चुंबकांचे आकडे जतन करून ठेवायचे आणि गडबड झाली की तेच परत भरायचे, हे सोपं वाटतं. पण लोखंडाचा गाभा असलेला चुंबक आपला भूतकाळ विसरत नाही. 150 अँपिअरवर तो खालून चढत आला की वरून उतरत आला, यावर त्याचं चुंबकीय क्षेत्र थोडं बदलतं. आकडा तोच, क्षेत्र वेगळं. त्यामुळे जतन केलेले आकडे भरण्याआधी चुंबक ठरलेल्या क्रमाने पूर्ण वर-खाली फिरवून आणावे लागतात.

तिसरा डेटाबेस इतिहासाचा, आणि इथे आकारमान अंगावर येतं. एक लाख सिग्नल दर सेकंदाला एकदा नोंदवले तर दिवसाला 864 कोटी नोंदी होतात. नोंदीला 16 बाइट धरले तरी वर्षाला सुमारे 50 टेराबाइट. एपिक्स वापरणाऱ्यांमध्ये सध्या रुळलेला आर्काइव्हर, म्हणजे नोंदी साठवणारा प्रोग्राम, स्टॅनफर्डच्या स्लॅक प्रयोगशाळेने इतरांच्या साथीने केला. तो माहिती तीन टप्प्यांत ठेवतो: ताजी संगणकाच्या स्मृतीत, काही दिवसांची वेगवान डिस्कवर, वर्षानुवर्षांची मोठ्या साठ्यात. गंमत म्हणजे सिग्नलच्या नावातले भाग हेच तिथले फोल्डर बनतात. नाव देताना केलेला आळस असा थेट डिस्कवर उमटतो.

प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असतो. एपिक्सचं घड्याळ 1 जानेवारी 1990च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतं आणि त्याखाली नॅनोसेकंद. शिक्का उपकरणाजवळच मारला जावा लागतो. आकडा डेटाबेसपर्यंत पोचल्यावर मारला तर नेटवर्कवरचा उशीर त्यात मिसळतो आणि दोन बिघाडांपैकी आधी कुठला झाला हे कळेनासं होतं. एक वीजपुरवठा पडला की पुढचे पन्नास इशारे एकामागोमाग येतात, त्यातला पहिला शोधायचा असतो.

जागा वाचवायचा रूढ उपाय म्हणजे उंबरठा: आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हलला तरच नोंदवायचा. उपाय चांगला आहे, पण उंबरठा किती, हे आज ठरवायचं असतं आणि प्रश्न विचारणारा दहा वर्षांनी येणार असतो. एलएचसीच्या त्या तापमापकाला 0.05 केल्विनचा उंबरठा असता, तर 40 मिलिकेल्विनची चढण बहुधा नोंदीत उमटलीच नसती. डिस्क स्वस्त झाल्या आहेत. शंका असेल तिथे उंबरठा लहान ठेवावा, असं माझं मत.

अर्थात सगळं साठवलं तरी मोजमाप चुकीच्या जागी असेल तर उपयोग नाही. याचा किस्सा एलएचसीच्या आधी त्याच बोगद्यात असलेल्या लेप या यंत्राचा. 1989 ते 2000 या काळात तिथे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर व्हायची आणि झेड या कणाचं वस्तुमान काटेकोरपणे मोजायचं होतं. त्यासाठी झोताची ऊर्जा नेमकी माहीत हवी. ती तर दिवसभरात बदलत होती. एक कारण निघालं चंद्र. समुद्राला येते तशी भरती जमिनीच्या कवचालाही येते, त्याने बोगद्याचा 27 किलोमीटरचा घेर सुमारे मिलिमीटरभर बदलतो आणि ऊर्जा 10 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हलते. 1992च्या नोव्हेंबरमध्ये पौर्णिमेच्या सुमारास चोवीस तास मोजून याची खात्री केली गेली.

तरी हिशेब पुरा जुळेना. चुंबकीय क्षेत्रावर नजर ठेवणारा संदर्भ-चुंबक बोगद्याबाहेर होता. बोगद्यातल्या चुंबकांना जोडलेल्याच प्रवाहावर तो चालायचा, म्हणून तो त्यांचा प्रतिनिधी मानला जाई. 1995मध्ये बोगद्यातल्याच दोन चुंबकांत मोजमापाची साधनं बसवली, आणि जे दिसलं त्याने सगळे चक्रावले. तिथलं क्षेत्र दिवसा सतत थरथरत होतं, वर चढत होतं. मध्यरात्रीनंतर काही तास शांतता, पहाटे पुन्हा थरथर. डेटाबेसमधल्या आलेखांवर वेळा मांडल्यावर त्या रेल्वेच्या वेळापत्रकाशी जुळू लागल्या. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणारा लोहमार्ग जवळून जातो, त्यावरच्या विजेच्या गाड्या तेव्हा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, प्रवाहावर चालायच्या. त्यातला काही प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपत होता आणि परतीची सोयीची वाट म्हणून लेपची धातूची झोतनळी धरत होता. सुमारे 1 अँपिअर. हा प्रवाह चुंबकांना डिवचत होता आणि तास उलटतील तसं क्षेत्र वाढवत नेत होता. नोव्हेंबर 1995मध्ये रुळांवरचा व्होल्टेज, झोतनळीवरचा व्होल्टेज आणि चुंबकाचं क्षेत्र एकाच वेळी नोंदवून तिन्ही आलेख एकाखाली एक लावले. पॅरिसला जाणाऱ्या टीजीव्ही या वेगवान गाडीचा खड्डा तिन्हींत एकाच मिनिटाला पडला होता.

आधीच्या वर्षांची टक्करींची माहिती फेकून द्यावी लागली नाही. तापमान, प्रवाह, झोत कधी भरला आणि किती तास फिरला, हे सगळं वेळेच्या शिक्क्यासह डेटाबेसमध्ये होतं, त्यावरून मागची दुरुस्ती काढता आली. अखेर छापला गेलेला झेडच्या वस्तुमानाचा आकडा 91.1875 गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, अधिक-उणे 0.0021, म्हणजे 2.1 मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणाचं वस्तुमान ऊर्जेच्याच एककात सांगतात). गाड्यांनी ऊर्जेत घातलेला फरक काही मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा होता, म्हणजे या अधिक-उण्याच्याच तोलामोलाचा.