कृष्णविवराचा हिशेब काठावरच का होतो?

सूर्याचं अख्खं वस्तुमान दाबत दाबत नेलं, तर सुमारे ३ किलोमीटर त्रिज्येला त्याचं कृष्णविवर होईल. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाला मध्य धरून तेवढं वर्तुळ काढलं, तर सीताबर्डी, धंतोली, गांधीसागर तलाव सगळं आत येतं. ज्या सीमेच्या आतून प्रकाशालाही बाहेर पडता येत नाही, त्या घटना क्षितिजाचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ११० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महापालिकेच्या हद्दीच्या जवळपास निम्मं. हा आकडा मुद्दाम दिला. कृष्णविवराची सगळी भानगड घनफळाची नसून क्षेत्रफळाची आहे.

१९७२-७३ च्या सुमारास याकोब बेकेनस्टाइन यांनी मांडलं की कृष्णविवराला एन्ट्रॉपी असते आणि ती क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी ते प्रमाणही ठरवून दिलं: निसर्गाच्या सर्वांत लहान एककांत, म्हणजे प्लांक एककांत, क्षेत्रफळ मोजायचं आणि ४ ने भागायचं. एन्ट्रॉपी म्हणजे वस्तू बाहेरून जशीच्या तशी दिसत असताना तिच्या आत किती निरनिराळ्या मांडण्या संभवतात, त्याचं माप. खोलीतल्या हवेचं पाहिलं तर खोली दुप्पट झाली की हे माप दुप्पट होतं, कारण रेणू खोलीभर पसरलेले असतात. कृष्णविवरात मात्र आतल्या जागेला कोणी विचारत नाही. सूर्याएवढ्या कृष्णविवराचा आकडा १ वर ७७ शून्यं इतका येतो, तर खुद्द सूर्याचा १ वर साधारण ५८ शून्यं. या एवढ्या मांडण्या नेमक्या कशाच्या, आणि त्या सीमेवरच का नोंदल्या जातात?

अवघड प्रश्नाला भिडण्यासाठी पदार्थवैज्ञानिक कधी कधी विश्वाची एक मिती कापून टाकतात. लांबी, रुंदी आणि काळ एवढंच ठेवायचं, उंची नाहीच. अशा जगात आइनस्टाइनचं समीकरण भलतंच मवाळ होतं. रिकाम्या जागेत वक्रता उरत नाही, गुरुत्वलहरी तर नाहीतच. मग तिथे वस्तुमान ठेवलं तर करतं काय? १९८४ मध्ये डेझर, जॅकिव आणि ट हूफ्ट यांनी याचं सविस्तर उत्तर दिलं, आणि ते फुटाळा तलावाच्या काठी मिळणाऱ्या खाऱ्या दाण्यांच्या कागदी कोनात दिसतं. दाणे संपल्यावर कोन फेकू नका (फेकायचाच तर कचरापेटीत). त्याचा कागद कुठेही ताणलेला नाही, चुरगळलेला नाही. त्यावर छापलेली बातमी जशीच्या तशी वाचता येते. जे काही वेगळं आहे ते फक्त टोकाशी. सपाट कागदातून एक पाचर काढून कडा जोडाव्यात, तसा तो झालाय. वस्तुमान जितकं जास्त तितकी पाचर मोठी.

आता त्या कागदावर एक आगकाडी ठेवा आणि तिला अजिबात न वळवता सरकवत एक फेरी मारून मूळ जागी आणा. टोक फेरीच्या बाहेर राहिलं असेल, तर काडी पहिल्यासारखीच दिसेल. टोकाला वळसा घातला असेल, तर ती पाचरीच्या कोनाएवढी फिरलेली असेल. वळसा लहान घ्या, मोठा घ्या, वेडावाकडा घ्या, फिरण्याचा कोन बदलत नाही. मार्गाच्या लांबीला किंमत नाही; टोकाला वळसा पडला की नाही, पडला तर किती वेळा, एवढंच नोंदलं जातं.

अंतर पुसून टाकल्यावरही जे उरतं त्याचं हे शास्त्र, आणि संस्थितिक पुंज क्षेत्र सिद्धांत ते पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटमच्या, भाषेत बोलतो. त्याचा सर्वांत गाजलेला नमुना चर्न आणि सायमन्स यांच्या १९७४ च्या गणितावर उभा आहे. लांबी, रुंदी आणि काळ एवढ्याच जगातलं त्रिमितीय गुरुत्व याच साच्यात बसतं, हे आचूकारो आणि टाउनसेंड यांनी १९८६ मध्ये दाखवलं, आणि १९८८ मध्ये एडवर्ड विटन यांनी त्याचा पुंजसिद्धांत हाती घेतला. पुढच्याच वर्षी त्याच साच्यातून त्यांनी गाठींचं एक गणिती सूत्र काढून दाखवलं. १९९० चं फील्ड्स पदक ते सूत्र शोधणारे व्हॉन जोन्स आणि विटन या दोघांनाही मिळालं.

इतक्या मुक्या जगात कृष्णविवर कुठून येणार, असंच तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. १९९२ मध्ये बान्यादोस, टायटेलबॉइम आणि झानेली यांनी ते काढून दाखवलं. ऋण वैश्विक स्थिरांकाचं, म्हणजे रिकामं असूनही सगळीकडे सारखंच वक्र असलेलं, अवकाशकाल घ्यायचं आणि त्यातले ठरावीक बिंदू एकमेकांना चिकटवायचे. कुठल्याही ठिकाणी उभं राहून आजूबाजूला पाहिलं तर काहीच वेगळं जाणवत नाही. तरी क्षितिज आहे, तापमान आहे, एन्ट्रॉपीही आहे. इथे क्षितिज वर्तुळ असतं, म्हणून क्षेत्रफळाऐवजी परीघ भागिले ४.

आत काहीच थरथरत नसेल तर मोजायचं काय? मला या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. चर्न-सायमन्स सिद्धांतात आतले बहुतेक बदल केवळ नावापुरते असतात: वर्णन बदलतं, वस्तुस्थिती नाही. पण जागेला काठ असला की काठावर हीच सूट चालत नाही, आणि तिथले बदल खरेखुरे होतात. १९९५ मध्ये स्टीव्ह कार्लिप यांनी या काठावरच्या अवस्था क्षितिजावर मोजल्या. अँड्र्यू स्ट्रॉमिंजर यांनी १९९७-९८ मध्ये ब्राउन आणि एनो यांचं १९८६ चं सूत्र वापरून ही मोजदाद अवकाशाच्या दूरच्या काठावर केली. दोन्हीकडे उत्तर आलं तेच, परीघ भागिले ४. ही कागदावरची कसरत आहे असं समजू नका. क्वांटम हॉल परिणामात थंड, पातळ थरातले इलेक्ट्रॉन असंच वागतात: थराच्या आतला भाग विद्युतरोधक, प्रवाह कडेकडेने.

आपल्या खऱ्या, चार मितींच्या विश्वात आतलं गुरुत्व मुकं नाही. पण क्षितिज स्वतः दोन मितींचं. काळ धरला तर तीन, आणि तिथे चर्न-सायमन्स पुन्हा येतो. १९९८ मध्ये मूळचे शिरपूरचे अभय अष्टेकर यांनी बाएझ, कोरिची आणि क्रास्नोव्ह यांच्यासह ही मोजणी केली. या मांडणीत अवकाश बारीक पुंजरेषांचं विणलेलं असतं; त्या रेषा क्षितिजाला जिथे भोसकतात त्या बिंदूंच्या मांडण्या मोजल्या, तर एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात येते. मात्र ४ हा भाजक आपसूक येत नाही. त्यासाठी इमिर्झी नावाचा एक अंक हवा तसा निवडावा लागतो. माझ्या मते ही ठिगळाची जागा आहे, आणि ते मान्य करायला हरकत नसावी. स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी १९९६ मध्ये तंतुसिद्धांतातून (मूलकण म्हणजे सूक्ष्म तंतू असं मानणाऱ्या सिद्धांतातून) हा ४ असा कुठलाही अंक न निवडता मिळवला होता, पण पाच मितींच्या, खास विद्युतभारित कृष्णविवरांसाठी. तशी आकाशात सापडायची नाहीत.

चेन्नईच्या रोमेश कौल आणि पार्थसारथी मजुमदार यांनी २००० मध्ये आणखी एक पाऊल टाकलं: क्षेत्रफळाच्या मुख्य पदाला त्याच्या लॉगरिदमची उणे दीडपट दुरुस्ती जोडावी लागते. सूर्याएवढ्या कृष्णविवराला ती दुरुस्ती भरते तीनशेच्या आत, १ वर ७७ शून्यांपुढे. शिवाय त्याचं हॉकिंग तापमान, म्हणजे ते स्वतः सोडत असलेल्या क्षीण प्रारणाचं तापमान, केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी आहे आणि भोवतालचं आकाश २.७ केल्विनवर आहे. म्हणजे सध्या तरी ते प्रारण सोडतं त्यापेक्षा जास्त गिळतंय, आणि दुर्बिणीला यातलं काहीच दिसणार नाही.