मिलिग्रॅमभर कालवाची पूड आणि दशांश मिलिमीटरची फट

ओहोटीला खडकावरून फोडलेल्या कालवाचं कवच आडवं कापलं की आत पानासारखे थर दिसतात. हे थर कॅल्साइटचे. त्यात कॅल्शियमच्या जागी थोडं मँगनीज शिरलेलं असतं आणि त्याचे जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह शोषतात. हाच इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स. झावोइस्की यांनी तो 1944 मध्ये कझानला पहिल्यांदा पाहिला. 9.5 गिगाहर्ट्झला सुमारे 0.34 टेस्ला क्षेत्र लागतं आणि आलेखावर मँगनीजच्या सहा रेषा उमटतात.

एका थरातून पूड निघते जेमतेम मिलिग्रॅमभर. नेहमीच्या कॅव्हिटीचं, म्हणजे नमुना ठेवायच्या पोकळ धातूच्या डबीचं, आकारमान साधारण 10 घनसेंटिमीटर, म्हणजे पूड त्याच्या दहा हजाराव्या भागात. त्यातही खोलीच्या तापमानाला खालच्या आणि वरच्या ऊर्जापातळीतल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येत दर दहा हजारांमागे असलेल्या सात-आठांच्या फरकावरच सगळा सिग्नल उभा असतो.

फ्रोन्चिश आणि हाइड यांनी 1982 मध्ये मांडलेला लूप-गॅप रेझोनेटर इथे कामाला येतो. तांब्याच्या ठोकळ्यात 1 मिलिमीटर व्यासाचं, 4 मिलिमीटर लांब भोक आणि भोकापासून बाहेर जाणारी 3 मिलिमीटर खोल, 0.1 मिलिमीटर रुंद फट. भोक म्हणजे कॉइल, फट म्हणजे कपॅसिटर. साध्या सूत्राने वारंवारता येते 9.8 गिगाहर्ट्झच्या आसपास. फट नुसती 10 मायक्रॉनने रुंदावली तरी ती जवळजवळ अर्धा गिगाहर्ट्झ वर सरकते, म्हणून वायर-कटिंगलाच (विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेने कापायला) द्यावी. लोखंडी करवतीचे कण तांब्यात रुततात आणि रेषांखाली रुंद उतार येतो.

पूड 0.6 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या क्वार्ट्झ नळीत भरायची. साधी काच नको, तिच्यातल्या लोहाचा स्वतःचा सिग्नल असतो. कवचाला चिकटलेली जांभ्याची माती आधी काढा, तीही लोहाचीच. खलबत्ता अकीकाचा घ्या, आणि कुटताना कणांच्या पृष्ठभागावर तयार होणारे खोटे सिग्नल घालवायला पूड सौम्य अ‍ॅसेटिक आम्लातून काढा.

कोकणात खरा त्रास त्या फटीचा. खारी, दमट हवा तिथे ओलावा धरते. पाण्यामुळे कपॅसिटन्स वाढतो, स्क्रीनवरचा डिप (रेझोनेटरच्या वारंवारतेला दिसणारा खळगा) खालच्या वारंवारतेकडे सरकतो, उथळ आणि पसरट होतो. जागेवर राहून नुसताच उथळ झाला तर दोष कपलिंगचा, म्हणजे मायक्रोवेव्ह आत पोचवणारी अँटेना आणि रेझोनेटर यांच्या जोडणीचा; अँटेनाचा स्क्रू फिरवून भागतं. ओलाव्याला मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, 60 अंशांवर वाळवणं आणि मोजताना कोरड्या नायट्रोजनची बारीक धार हाच उपाय. या वारंवारतेला विद्युतप्रवाह तांब्याच्या वरच्या 0.7 मायक्रॉनमध्येच वाहतो. त्यामुळे हिरवट डाग दिसायला किरकोळ असला तरी क्यू फॅक्टर, म्हणजे रेझोनेटरची ऊर्जा धरून ठेवण्याची क्षमता, पाडतो. पावसाळ्यात रेझोनेटर सिलिका जेलच्या डब्यातच ठेवावा.

पॉवर मोठ्या कॅव्हिटीइतकी देऊ नका. एवढ्याशा जागेत मायक्रोवेव्ह क्षेत्र फार तीव्र होतं आणि रेषा संपृक्त होतात, म्हणजे पॉवरच्या प्रमाणात वाढायच्या थांबतात. 0.1 मिलिवॅटपासून सुरुवात करा. पॉवर चौपट केल्यावर सिग्नल दुप्पट झाला नाही, तर मर्यादा ओलांडली. नमुना भरपूर असेल तर जुनी मोठी कॅव्हिटीच बरी.