कामगाराच्या रुपयाला सरकारचा रुपया : पार्श्वभूमी

कामगाराने बाजूला टाकलेल्या पैशात दुसऱ्या कुणी तेवढीच भर घालायची, ही पद्धत आपल्याकडे निदान १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याइतकी जुनी आहे. तेव्हा कामगाराचा हिस्सा ६.२५ टक्के होता, म्हणजे जुन्या हिशेबात रुपयाला एक आणा. मालकाचाही तेवढाच. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड या सहा उद्योगांपासून सुरुवात झाली, त्यामुळे मुंबई-सोलापूरचा गिरणी कामगार पहिल्याच फेरीत आला. हप्ता पगार हातात पडण्याआधीच कापला जाई. पीएफ रुजला तो यामुळे.

नाक्यावरचा बिगारी, चार घरी भांडी घासणारी बाई, हातगाडीवाला यांच्याकडे पगारपत्रकच नाही, आणि मालकही रोज वेगळा. त्यांच्यासाठी मालकाच्या जागी सरकारने उभे राहावे, हा प्रयोग पश्चिम बंगालने २००१ मध्ये केला. कामगाराचे महिना २० रुपये, राज्याचे २० रुपये. पैसे वसूल करायला एजंट नेमलेले. असंघटित क्षेत्रासाठी नेमलेल्या अर्जुन सेनगुप्ता आयोगाने २००६ मध्ये देशभरासाठी रोज कामगाराचा १, मालकाचा १ आणि सरकारचा १ रुपया अशी रचना सुचवली. आंध्र प्रदेशाने २००९ मध्ये ‘अभय हस्तम’ आणली. तिथे बचत गटातल्या बाईच्या रोजच्या १ रुपयाला सरकारचा १ रुपया होता.

केंद्राची ‘स्वावलंबन’ २०१० ची. वर्षाला १,००० ते १२,००० रुपये भरणाऱ्याच्या खात्यात सरकार १,००० रुपये टाकत असे. हजारच भरणाऱ्याला शंभर टक्के जोड मिळे, बारा हजार भरणाऱ्याला जेमतेम आठ टक्के. कमी कमावणाऱ्याच्या बाजूने झुकलेली इतकी स्पष्ट रचना नंतर झाली नाही. पण पेन्शन किती मिळणार याची हमी नव्हती, आणि अनेकांनी नोंदणीनंतर पैसे भरणे सोडून दिले.

२०१५ मध्ये ‘अटल पेन्शन योजना’ आली आणि हमी मिळाली : साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये, आधी निवडलेल्या टप्प्यानुसार. सरकारी जोड मात्र ३१ मार्च २०१६ पर्यंत आलेल्यांनाच, पाच वर्षांपुरती, आणि तीही भरलेल्या रकमेच्या निम्मी किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती. याचा परिणाम हिशेब मांडल्यावरच कळतो. अठराव्या वर्षी सर्वांत लहान टप्पा घेणारा महिना ४२ म्हणजे वर्षाला ५०४ रुपये भरतो. त्याला २५२ रुपयेच मिळत. पूर्ण हजार हवे असतील तर दोन हजार भरायचे. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्याला मदतही सर्वांत कमी.

‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ २०१९ मध्ये पुन्हा समान हिश्शावर आली. वय १८ ते ४०, मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत; ईपीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार राज्य विमा) किंवा एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) असलेला आणि प्राप्तिकर भरणारा अपात्र. हप्ता अठराव्या वर्षी ५५, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २०० रुपये, आणि सरकारचा तितकाच. साठीनंतर किमान ३,००० रुपये पेन्शन, पश्चात पती किंवा पत्नीला त्याच्या निम्मी. नोंदणीसाठी आधार, बचत किंवा जनधन खाते आणि मोबाइल घेऊन सीएससी म्हणजे सामान्य सेवा केंद्रावर जायचे. पहिला हप्ता रोख, पुढचे ऑटो-डेबिटने, म्हणजे खात्यातून आपोआप कापून.

योजना अडते ती इथेच. रोजंदारीवाल्याच्या खात्यात हप्ता कापण्याच्या दिवशी शिल्लक असेलच असे नाही. हप्ता परत गेला की सरकारचा हिस्साही येत नाही, शिवाय बँक दंड लावू शकते. थकलेले हप्ते दंडासह एकरकमी भरून खाते चालू करता येते, पण ज्याचा दोनशे रुपयांचा हप्ता चुकला तो दहा महिन्यांचे दोन हजार एकदम कुठून आणणार? बंगालमधला दारात येणारा एजंट खर्चीक होता, तरी कामगाराच्या कमाईच्या लयीशी जुळणारा होता. अर्थसंकल्पात पाच वर्षांत किमान १० कोटी कामगारांचा अंदाज मांडला होता. प्रत्यक्षात नोंदणी अर्ध्या कोटीच्या आसपास रेंगाळली.

दुसरी अडचण कुलुपाची. एकोणतिसाव्या वर्षी आलेला ३१ वर्षांत पदरचे ३७,२०० रुपये भरतो. दहा वर्षांच्या आत बाहेर पडला तर त्याला स्वतःचा हिस्सा बचत खात्याच्या व्याजाने मिळतो. नंतर साठीच्या आत पडला तर निधीचे किंवा बचत खात्याचे, जे जास्त असेल ते व्याज. सरकारी जोड दोन्ही वेळा जाते. पेन्शन महागाईशी बांधलेली नाही : वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर चाळिसाव्या वर्षी आलेल्याला वीस वर्षांनी मिळणाऱ्या ३,००० रुपयांचे आजचे मोल सुमारे ९३५ रुपये होते.

अमेरिकेत समाजकार्याचे अभ्यासक मायकल शेराडन यांनी १९९१ मध्ये मांडलेली कल्पना याहून वेगळी होती. त्यांच्या मते गरिबाला उत्पन्नाबरोबर मालमत्ताही हवी. म्हणून तिथल्या जोड-बचत खात्यांतले पैसे घर, शिक्षण किंवा छोटा धंदा यांसाठी काही वर्षांतच काढता येत, आणि जोडीची रक्कम थेट विक्रेत्याला किंवा संस्थेला जाई. १९९८ च्या कायद्याने तिथे सरकारी निधी दिला. २०१७ पासून अमेरिकी संसदेने नवा निधी दिला नाही. आपल्या केंद्रीय योजनांनी मात्र जोड पेन्शनशीच बांधली. पीएफमधून घरासाठी पैसे काढण्याची सोय संघटित कामगाराला आहे, तशी सोय श्रमयोग्याला नाही.

बंगालमध्ये कामगाराचा हिस्सा पुढे २५ आणि राज्याचा ३० रुपये झाला. १ एप्रिल २०२० पासून राज्याने कामगाराचे २५ रुपयेही स्वतः भरायला घेतले.