आफ्रिकन सिक्लिड : टँकमधली संख्या आणि मारामारी

आफ्रिकन सिक्लिड म्हणजे मुख्यतः आफ्रिकेतल्या मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया या तीन मोठ्या सरोवरांतले सिक्लिड कुळातले मासे. पुण्यातल्या दुकानांत नुसतं 'आफ्रिकन' किंवा 'सिक्लिड' म्हणून जे मिळतात त्यातले बरेचसे मलावीचे म्बुना असतात, खडकांच्या कपारीत राहणारे, मोठे झाल्यावर साधारण 10-12 सेंमी होणारे. येलो लॅब, रेड झेब्रा, औरेटस, केनी, डेमासोनी हे सगळे त्यातलेच. ही नोंद मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे, कारण टँकमध्ये किती मासे ठेवायचे हा प्रश्न यांच्याच बाबतीत सगळ्यात जास्त नडतो.

मारामारीचं कारण जागा. मलावी सरोवर साडेपाचशे किलोमीटरपेक्षा लांब आहे, तिथे नर एखादा खडक धरून बसतो, त्यावरचं शेवाळ खातो, तिथेच माद्यांना बोलावतो आणि दुसरा नर जवळ आला की त्याला हाकलतो, आणि हाकललेला मासा दोन क्षणांत लांब निघूनही जातो. टँकमध्ये त्याला जायला जागाच नाही, तो काचेला धडकून परत त्याच नराच्या समोर येतो, म्हणून जे भांडण सरोवरात लगेच संपलं असतं ते इथे दिवसभर चालतं. सगळ्यात जास्त राग स्वतःच्याच जातीच्या नरावर, त्याखालोखाल आपल्यासारख्या रंगाच्या आणि पट्ट्यांच्या माशावर.

त्यामुळे थोडे मासे ठेवले की शांतता राहील हा हिशोब इथे चालत नाही. एक-एक इंचाची पाच-सहा पिल्लं, प्रत्येक वेगळ्या रंगाचं, दोन फुटी टँकमध्ये सोडायची हा पुण्यात सर्रास दिसणारा प्रकार आहे आणि माझ्या मते हाच सगळ्यात वाईट, कारण पिल्लं असेपर्यंत सगळं छान वाटतं आणि काही महिन्यांत नर वयात आले की एक जण बॉस होतो, त्याचा सगळा मारा एकाच दुबळ्या माशावर पडतो, तो मेला की पुढच्यावर, असं करत शेवटी एकटाच उरतो. संख्या मुद्दाम वाढवली की बॉसला एकाच्या मागे लागून राहता येत नाही, पाठलाग सुरू केला की मध्ये दुसरा येतो, तिसरा येतो, आणि एवढ्या सगळ्यांपासून जागा राखणं त्याला परवडत नाही. मारामारी बंद होत नाही, ती वाटली जाते, कुणा एकाच्या जिवावर येत नाही. डेमासोनीच्या बाबतीत अनुभवी लोक म्हणतात की ठेवायचा तर एकच ठेवा नाहीतर 12 च्या वर ठेवा, मधला आकडा नको. टांगानिकाचे ट्रोफियस तर 15-20 च्या घोळक्यातच ठेवतात.

चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच टँकमध्ये कागदावर 255 लिटर पाणी मावतं, दगड घातल्यावर बरंच कमी. त्यात वीसेक म्बुना चालतात, तीन-चार जातींचे, दिसायला एकमेकांपेक्षा वेगळे, आणि एका नरामागे निदान तीन माद्या. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. औरेटस आणि केनी मात्र नवख्या माणसाने घेऊच नयेत, हे गर्दीतसुद्धा जीव घेतात. येलो लॅब त्यामानाने शांत. पीकॉक हे मलावीचेच पण शांत स्वभावाचे सिक्लिड म्बुनांसोबत टाकू नयेत, बिचारे रंगच दाखवत नाहीत.

गर्दीची किंमत पाण्यात मोजावी लागते. या माशांना 7.8 ते 8.6 पीएच लागतो आणि जितका पीएच जास्त तितका अमोनिया जास्त विषारी, म्हणजे भरलेल्या टँकमध्ये फिल्टर कमी पडला तर नुकसान फार लवकर होतं. मोठा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर बसणारा फिल्टर, आणि आठवड्याला 30-40 टक्के पाणी बदलणं यात सूट नाही. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, म्हणून क्रश्ड कोरल (पोवळ्याचा चुरा) वापरतात, आणि क्लोरीन काढल्याशिवाय ते पाणी टँकमध्ये घालत नाहीत. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असेल तर ते बऱ्याचदा आधीच कठीण असतं, तेव्हा आधी टेस्ट किटने बघावं. लाइट गेली की एवढ्या माशांना ऑक्सिजन पुरत नाही, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असलाच पाहिजे, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

दगडांसाठी आपल्याकडचा काळा दगड उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. तो वाळूवर न ठेवता आधी थेट तळावर, खाली फोमची शीट घालून रचायचा, कारण हे मासे वाळू उकरतात आणि ढीग काचेवर कोसळू शकतो. कपारी माशांपेक्षा जास्त हव्यात आणि प्रत्येकीला दोन तोंडं हवीत, नाहीतर लपलेला मासा आतच कोंडला जातो. नवीन मासे एकेकटे सोडू नयेत, पाच-सहा एकदम सोडावेत, त्याच वेळी दगडांची मांडणी बदलावी म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात, आणि त्या रात्री लाइट बंद ठेवावी.

मार खाणारा मासा ओळखू येतो. तो वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे, पंख अंगाशी मिटून तिरका लटकलेला असतो, शेपटीच्या कडा झिरमिळ्या झालेल्या, रंग उतरलेला, खायला घातलं तरी खाली येत नाही. त्याला त्याच दिवशी वेगळं काढायचं. तोंडात अंडी घेतलेली मादी साधारण तीन आठवडे जवळजवळ खात नाही, तिच्यामागे नर लागला असेल तर तिलाही. बॉसला काढलं तर प्रश्न सुटेलच असं नाही. अॅस्टॅटोटिलापिया बर्टोनी या टांगानिकाच्या माशावरच्या प्रयोगांत दिसलंय की वरचढ नर काढला की दबलेला नर काही मिनिटांत रंग चढवून त्याची जागा घेतो. तरी एकच मासा सगळ्यांना छळत असेल तर त्याला दोन-तीन आठवडे बाहेर ठेवून परत सोडल्यावर बऱ्याचदा तो खालच्या पायरीवर येतो.

जास्तीचे नर दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत, पाषाण तलावात किंवा मुठेत सोडू नयेत. उजनीत जाळ्यात येणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा मुळात आफ्रिकेतलीच सिक्लिड, 1952 साली तिलापिया भारतात आणला गेला आणि आज तो देशभरच्या धरणांत पसरलाय.